राउंड फिगर करू का, काका?

नाही म्हणण्यात मराठी माणूस कच्चा आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने गणपतीच्या आधी कुठल्याही गल्लीत येऊन पाहावं. वर्गणीवाली पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात आणि घरमालक स्वतः बाहेर येऊन सांगतो, "मालक घरी नाहीत." पोरांनाही ते पटतं. "बरं, संध्याकाळी येतो," म्हणून ती पुढच्या दाराकडे वळतात. उसने मागणाऱ्यासाठी आपल्याकडे "कालच यायचं ना" आहे, दारातल्या याचकासाठी "पुढं जा बाबा" आहे. अशी सगळी उत्तरं तयार असताना एका मागण्यासाठी मात्र वाडवडिलांनी काहीच ठेवलेलं नाही. सामान पिशवीत गेलेलं असतं, पाकीट हातात असतं, मागे माणसं खोळंबलेली असतात आणि काउंटरवरची मुलगी विचारते, "काका, ४८७ झाले. ५०० करू का राउंड फिगर? वरचे गरीब लेकरांच्या शिक्षणाला जातील."

इथं "पुढं जा" म्हणता येत नाही. पुढं जायचं असतं ते आपल्यालाच.

हा प्रश्न मुंबई-पुण्यात विचारत असतील, पण तो चितेगावापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं. आमचं गाव पैठण रस्त्यावरचं, कारखान्यांचं. व्हिडिओकॉनच्या नोंदणीकृत पत्त्यात 'औरंगाबाद-पैठण रस्ता, १४ किलोमीटरचा दगड, चितेगाव' असं असायचं. मैलाच्या दगडावरून ओळखलं जाणारं गाव देशभरच्या शेअरवाल्यांच्या कागदांत गेलं. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कज्ज्यात सापडली. दगड आणि गाव मात्र जागेवर आहेत. बाकीचे कारखाने चालू आहेत, शिफ्टी सुटतात, खोल्या भाड्याने जातात, आणि पगार झाला की सुपर शॉपीत रांग लागते.

या रांगेत खरी मेख आहे. एकांतात कुणी १३ रुपये मागितले तर मी शांतपणे विचार करीन, कदाचित देईनही. पण मागे उभा आहे तो माझाच भाडेकरू, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात तेलाची पिशवी. त्याचं भाडं मी नुकतंच वाढवलेलं आहे. अशा माणसासमोर लेकरांच्या शिक्षणाला नाही म्हणणं सोपं नाही. मी हो म्हणतो. त्यातले किती रुपये लेकरांच्या शिक्षणाला आणि किती माझ्या अब्रूला, हे बिलाच्या यंत्रालाही सांगता येणार नाही.

रांगेतले शेतकरी आबा माझ्यासारखे बुजत नाहीत. एकांनी सरळ विचारलं, "कोन्या गावची लेकरं हायेत?"

मुलगी गोंधळली. "माहीत नाही आबा. वरून आलंय."

गावाकडे वरून दोनच गोष्टी येतात, पाऊस आणि जीआर, आणि दोन्हींबद्दल आबांचं मत फारसं बरं नाही. त्यांनी तेरा रुपये मोजून परत घेतले, वर तिलाच विचारलं, "तुझं शिक्षण किती झालं गं?" ती म्हणाली, "बारावी. पुढचं राहिलं." रांग थोडा वेळ गप्प झाली. त्या मुलीचा यात काही दोष नाही. दिवसभर उभं राहून, लोकांच्या पिशव्या भरून, वर प्रत्येकाला दानशूर व्हायला सांगायचं हे जादा काम तिच्या पगारात धरलेलं असेल असं मला वाटत नाही.

आता ही पद्धत नवी म्हणावी तर तसंही नाही. आमच्या मराठवाड्यात मोंढ्यात माल घातलेल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. अडत्याकडून हातात पडणाऱ्या पट्टीवर अडत असायची, हमाली असायची, तोलाई असायची आणि या सगळ्यांच्या शेजारी गुपचूप बसलेला धर्मादाय असायचा. तो देऊ का, किती देऊ, असं कुणी विचारत नसे. रिवाजच तसा, आणि कापूस घ्या की सूत घ्या, व्यापाराच्या मोठमोठ्या पेठांतही तोच. विचारलंच नाही तर नकाराची लाजही नाही, ही त्या काळाची सोय म्हणायची.

मात्र या पैशाला नेमकं काय समजायचं, यावर आयकरवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं कोर्टात डोकी फोडली. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि गिरणीने गिऱ्हाइकांकडून घेतलेला धर्मादाय हे तिचं धंद्याचं उत्पन्न नव्हे, असं ठरलं. आपल्या महाराष्ट्रातलं प्रकरण तर अलीकडचं, २०१९ चं. 'गाय छाप' जर्द्यामुळे गावोगाव माहीत असलेले संगमनेरचे मालपाणी मालाच्या किमतीसोबत धर्मादाय घेत. नाशिकच्या उत्पादन शुल्क खात्याचं म्हणणं असं की, ही रक्कमही किमतीतच धरा आणि तिच्यावरही कर द्या. म्हणजे पुण्यावर उत्पादन शुल्क! सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. मालाबरोबर आला म्हणून हा पैसा मालाची किंमत होत नाही. तो दानासाठी दिलेला असतो आणि विकणारा तो केवळ विश्वस्त म्हणून सांभाळतो, असा त्या निकालाचा आशय. मला तो फार आवडला. तंबाखूची पाप-पुण्याची बाजू सोडून देऊ. पण एकाच व्यवहारात दोन्हींचा हिशेब वेगवेगळा ठेवायला सांगणारं कोर्ट असलं की माणसाला बरं वाटतं.

निकालाचा अर्थ आमच्या भाषेत एवढाच, की दुकानदार हा पुण्याचा हमाल आहे. पोतं त्याच्या पाठीवर असलं तरी त्यातले दाणे त्याचे नाहीत.

मोंढ्यातल्या धर्मादायाची एक गोष्ट मात्र चांगली होती. तो कुठं गेला हे बहुतेकदा डोळ्याने दिसायचं. उन्हाळ्यात पाणपोईचे लाल कपड्यात गुंडाळलेले रांजण, एखादी धर्मशाळा, गोशाळा. पट्टीतून रुपया कापला म्हणून शेठजीच्या नावाने बोटं मोडणारा शेतकरी घरी निघताना त्याच पाणपोईवर दोन तांबे पाणी प्यायचा. सगळाच धर्मादाय रांजणात जात होता असं समजायचं कारण नाही. एखाद्या शेठजीच्या मुलीच्या लग्नाचा मांडव जरा जास्तच मोठा दिसला की लोक एकमेकांकडे बघत. पण निदान बघायला मांडव तरी होता.

मधल्या काळात राउंड फिगरचं काम चॉकलेटने सांभाळलं. २०११ च्या जून अखेरीला पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी बाद झाली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून दुकानात "सुट्टे नाहीत" म्हणून रुपयाच्या जागी चॉकलेट हातावर ठेवायची चाल होती. तीच चॉकलेटं गिऱ्हाईक म्हणून परत चालवायला गेलं की दुकानदाराला ती नकोशी होत. पुढे यूपीआय आलं. आता ४८७ म्हणजे ४८७, पैशापैशापर्यंत बरोबर, सुट्ट्यांची अडचण संपली. आणि नेमकी ती संपल्यावर दुकानांना राउंड फिगरची आठवण झाली, हे गमतीचं आहे.

फोनवर तर विचारायचीही तसदी नव्हती. नातीने सिनेमाची तिकिटं काढली की हिशेबात 'बुक अ स्माइल'चा तिकिटामागे एक रुपया, जेवण मागवलं की 'फीडिंग इंडिया'चे दोन-चार रुपये. काम दोघांचंही चांगलंच. प्रश्न आधीच टिक करून ठेवलेल्या चौकोनाचा असतो. शेवटी सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवण्याच्या तेरा तऱ्हा त्यात आहेत, आणि न विचारता टोपलीत भर घालण्याच्या तऱ्हेत देणगीचा उल्लेख नावानिशी आहे. लाजवून हो म्हणायला लावणं हीसुद्धा एक वेगळी तऱ्हा धरली आहे. तिच्या उदाहरणात सरकारी लेखणीने असं ॲप कल्पिलं आहे, ज्यात देणगी काढून टाकायची तर 'दानधर्म श्रीमंतांसाठी, मला काय त्याचं' अशा अर्थाचं बटण दाबावं लागतं. सरकारी कागदात इतकं जिवंत वाक्य मी पूर्वी वाचलं नव्हतं. लिहिणारा अधिकारी कधीतरी अशा रांगेत उभा राहिलेला असणार. पण बारावी झालेली मुलगी समोरासमोर, हसून, मराठीत विचारते, त्याला काही डार्क पॅटर्न म्हणता येत नाही.

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत असतो की दुकानं आपल्या देणगीवर स्वतःचा कर वाचवतात. हे पटायला सोपं आणि नाकारायला सोयीचं, म्हणून फिरतं. पैसे नुसते पुढे पोचवायचे असतील तर ते दुकानाचं उत्पन्नच नाही, मग त्यावर वाचवणार काय? ८०जी ची सवलत असलीच तर देणाऱ्याची. तीही त्याच्या नावाची पावती असेल तर, आणि जुनी करप्रणाली निवडली असेल तर. तेरा रुपयांच्या पावतीसाठी मी सीएकडे गेलो तर तोच मला काहीतरी दान देऊन वाटेला लावील. तेव्हा कराचं सोडा. माझी तक्रार नावाची आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजासाठी काढावे लागतात, आणि कारखान्यांच्या गावात शाळेच्या बाकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत दात्यांची नावं रंगवलेली दिसतात. रंगवोत बापडे, त्यांचे पैसे आहेत. पण तेरा-तेरा रुपये देणाऱ्यांचा थर्माकोलचा मोठा चेक कुणी तिसराच हसत हसत धरतो, तेव्हा फोटोत आमची निदान रांग तरी दिसावी.

थेंबाथेंबाने तळं साचतं हे मला मान्य आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये अशा मोठ्या मोहिमांतून ७४ कोटी ९० लाख डॉलर जमले. न्यू जर्सीला असलेला पुतण्या सांगतो, तिथं कार्ड घासायच्या यंत्रावरच प्रश्न उमटतो. माणसाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून तो बिनदिक्कत 'नो' दाबतो. दाबताना मागे कोण आहे हे मात्र एकदा बघून घेतो. शेवटी आमच्याच घरचा.

आमची माणसं देत नाहीत असं कुणी समजू नये. नाथषष्ठीला पैठण रस्त्याने दिंड्या निघतात तेव्हा या गावांतून चहाची पातेली, केळ्यांचे घड, पाण्याचे जार रस्त्यावर येतात, आणि कुणी मागितलेलं नसतं. काशीची कावड रामेश्वराला नेताना वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला गंगा पाजणाऱ्या एकनाथांच्या गावाची ही वाट आहे. गाढव कोणत्या गावचं, हे नाथांनी विचारल्याचं कुठं ऐकिवात नाही. तेरा रुपये परत घेणारे आबा त्या दिवशी पोह्यांच्या घमेल्यापाशी बसलेले असतात आणि वारकरी पुरे म्हणाला तरी वाढतात. समोर खाणारं तोंड असलं की त्यांचा हात सैल सुटतो. त्यांचा राग देण्यावर नसून त्या 'वरून'वर आहे.

म्हणून मी मॅनेजरला सुचवलं, काउंटरपाशी एक फळा लावा. मागच्या महिन्यात किती जमले, कुठल्या शाळेला गेले, काय घेतलं, एवढं खडूने लिहा. तो भला माणूस. म्हणाला, "काका, कल्पना चांगली आहे, पण खडू आमच्या खरेदीच्या यादीत नाही."

तोवर मी बिल तरी नीट वाचायला लागलो आहे. साखर, तेल, साबण, कॅरीबॅग ८ रुपये, आणि सगळ्यांच्या खाली डोनेशन १३ रुपये. ओळ वेगळी आहे, जीएसटीच्या रकान्यात शून्य आहे. सर्वोच्च न्यायालयाचं समाधान व्हावं अशी सगळी व्यवस्था. त्याखाली मात्र ठळक अक्षरात छापलेलं असतं, एकदा विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.