ग्रीकचे जाणकार व्हा (फार न वाचता)

मार्कचं शुभवर्तमान मूळ ग्रीकमधून अभ्यासायचं ठरवलंत? छान. वाचायचं ठरवलं नसेल, अशी आशा आहे. नवशिके इथेच फसतात. अध्याय १६, शब्द सुमारे ११ हजार. नेटाने बसलात तर संपूनसुद्धा जाईल. मग बायबल अभ्यासवर्गात मिरवणार काय?

१. पुस्तक घ्या. ग्रीक नवा करार, नेस्ले-आलांट, २८वी आवृत्ती, २०१२. पानाच्या तळाशी बारीक टाइपात पाठभेदांची जंत्री असते. त्यातल्या चिन्हांचा अर्थ लावत बसू नका. वर्गात पान जरा तिरकं धरा, म्हणजे शेजाऱ्याला तळटिपा दिसतील आणि तुमचा चेहरा दिसणार नाही.

२. मुळाक्षरं २४. उच्चार इरॅस्मसच्या वळणाचे ठेवा. १५२८ साली त्याने यावर पुस्तक काढलं होतं. आजचे ग्रीक लोक वेगळे उच्चार करतात. एखादा भेटलाच तर त्याला प्रेमाने सुधारा.

३. ‘अओरिस्ट’ हा शब्द पाठ करा. ग्रीक क्रियापदाचं हे अगदी नेहमीचं भूतकाळी रूप. तुम्ही मात्र ‘एकदाच आणि कायमची घडलेली क्रिया’ असं ठोकून द्या. उपदेशात फार खपतं. योहान २:२० पासून तेवढं लांब राहा. तिथे मंदिर बांधायला ४६ वर्षं लागली आहेत आणि क्रियापद अओरिस्टच आहे.

४. आता जरा नाजूक बाब. मार्कची ग्रीक कशी आहे, हे बाहेर फुटू देऊ नका. वाक्यामागून वाक्य ‘आणि’ने सुरू होतं. ‘लगेच’ चाळीसएक वेळा येतं. घडून गेलेली गोष्ट दीडशेएक ठिकाणी वर्तमानकाळात सांगितलेली. पारावर कुणी ‘तो येतो काय, म्हणतो काय’ करत किस्सा रंगवतो, तसं. ही काहीतरी खास पवित्र भाषा असावी, असं पूर्वी काही विद्वानांना वाटायचं. मग इजिप्तच्या वाळूत पपायरस सापडले. पावत्या, करारमदार, घरची पत्रं. त्यांच्या आधारे आडोल्फ डाइसमान यांनी दाखवून दिलं की ही तर रोजच्या व्यवहारातली बोली. आपल्यासारख्यांचं केवढं नुकसान! सहाव्या अध्यायात पाच हजारांचा जमाव हिरव्या गवतावर जेवायला बसतो, तो चक्क ‘वाफे वाफे’ बसतो. शब्द भाजीच्या वाफ्याचाच, आणि द्विरुक्तीही आपल्या मराठीसारखीच. इथे मजा यायला लागेल. ताबडतोब पुस्तक मिटा.

५. १:४१ मात्र जवळ बाळगा. समोर कुष्ठरोगी आहे. बहुतेक हस्तलिखितांत येशूला कळवळा येतो. केंब्रिजला असलेल्या कोडेक्स बेझेमध्ये तो रागावतो. काही अभ्यासक म्हणतात, रागच मूळचा. राग खोडून कळवळा लिहिणारा नकलनवीस समजू शकतो, उलटं कोण कशाला करेल? या वादात शिरलात तर रात्रभर विचार करावा लागेल. नुसतं ‘बेझे वेगळं सांगतो’ म्हणा आणि दूर बघा.

६. सिनायटिकस आणि व्हॅटिकनस ही चौथ्या शतकातली हस्तलिखितं १६:८ वर थांबतात: बाया कबरीपासून पळतात, भीतीने कुणाला काही सांगत नाहीत. पुढची १२ वचनं मागाहून जोडलेली, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. ही माहिती इस्टरच्या सकाळी एखाद्या आजीबाईंना द्या. त्या गप्प झाल्या की पटलं, असं समजा.

७. पंडिता रमाबाईंचा विषय निघू देऊ नका. हिब्रू आणि ग्रीक शिकून या बाईंनी केडगावला अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. तेही साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून! ग्रीक शिकायचं आणि वर लोकांना सोपं करून सांगायचं, म्हणजे धंद्याशी गद्दारीच.

८. वर्गात एखादी मुलगी असतेच, जिने मार्क एका बैठकीत मराठीतून वाचलेला असतो. ती विचारेल, “अंजिरांचा हंगामच नव्हता, मग येशूने झाडाला शाप का दिला?” गडबडू नका. चष्मा काढा, सावकाश पुसा आणि म्हणा, “मूळ ग्रीकमध्ये ते जरा वेगळं आहे.” वेगळं काही नाही, हंगाम ग्रीकमध्येही नव्हताच. पण तोवर चहा आलेला असतो.