बुंदीची बडदास्त

"बाई, हातातलं ठेव आणि कुंपणाशी ये," अशी जिजींची हाक आली की ओळखावं, डॅलसहून व्हिडिओ कॉल येऊन गेला. आपल्याकडे सकाळचे साडेसात म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे नऊ. नातू झोपायच्या बेतात, सून ओटा आवरत असलेली, आणि इकडे म्हसावदला जिजींचे हात कुरडयांच्या चिकानं कोपरापर्यंत भरलेले. आखाजी तोंडावर आलेली. अशा घाईत हाक मारली म्हणजे बातमी मोठी असणार.

"नातवानं पाल आणली."

"आणली म्हणजे? शिरली असेल घरात."

"शिरली नाही व माय! आणली. त्याच्या वर्गातल्या पोराच्या बापाची बदली झाली, त्यांच्या घरून मागून आणली. वर तिला काचेचं घर, खाली गरम गादी. नाव काय ठेवलं माहीत आहे? बुंदी!"

गिलक्याच्या वेलापलीकडून कोपऱ्यावरच्या काकूही आल्या. काकूंना पंचांग तोंडपाठ. पाल उजव्या अंगावर पडली तर काय, डाव्या अंगावर पडली तर काय, हे त्या झोपेतही सांगतील. "पण हौसेनं तळहातावर घेतली तर काय फळ?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तेवढं नाही दिलेलं त्यात." पंचांगकर्त्यांना डॅलसची कल्पना नसणार.

जिजींनी मोबाइल तारेवरून माझ्याकडे दिला. हाताचा चीक काचेला लागला होता, त्यातून बुंदी दिसली. पिवळसर अंगावर काळे ठिपके, जाड शेपूट, रुंद डोकं. ही आपल्या ट्यूबलाइटमागची पाल नव्हे. इंग्रजीत हिला लेपर्ड गेको म्हणतात, आपण बिबट्या पाल म्हणू. "बिबट्या काय कमी आहेत आपल्या उसात?" जिजी म्हणाल्या. खरंच आहे. शहादा-तळोद्याकडे रात्री उसाला पाणी भरायचं म्हणजे बॅटरी, काठी आणि जोडीला माणूस लागतो. पण हा बिबट्या नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम वीत-सव्वा वीत. भिंतीवर चढता येत नाही त्याला. घरच्या पालीच्या बोटांखाली चिकटून राहणाऱ्या पट्ट्या असतात, त्या हिला नाहीत. हिला नखं असतात, ही जमिनीवरून चालते. आणि घरच्या पालीला पापण्याच नसतात. ती बिचारी जिभेनं डोळे पुसते. ही मात्र डोळे मिटते.

"हो ना! पोऱ्यानं दाखवली तेव्हा झोपेतून उठवली होती. एक डोळा उघडला, आमच्याकडे बघितलं आणि परत मिटून घेतला. अगदी आमच्या अण्णांची तऱ्हा."

अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर थोडा वर गेला, एवढंच.

काकूंनी विचारलं, ही जात आली कुठून. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझं वय गेलं, त्यामुळे असा प्रश्न आला की मला आवरत नाही. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात एडवर्ड ब्लाइथ नावाचा माणूस होता. त्यानं 1854 साली या पालीची शास्त्रीय नोंद केली. पंजाबातल्या मिठाच्या डोंगरांकडची पाल. ते डोंगर आता पाकिस्तानात आहेत.

"म्हणजे पाकिस्तानी पाल!" काकू.

"काकू, 1854 साल म्हणतेय मी. तेव्हा कसली फाळणी?"

"तरी पण." काकूंचं हे 'तरी पण' एकदा आलं की पुढे बोलायची सोय राहत नाही.

जिजींची खरी तक्रार पाहुणचाराची होती. बुंदी आल्या दिवसापासून जेवत नव्हती आणि सुनेनं नातवाला तिला हात लावायची बंदी केली होती. एक-दोन आठवडे कुणी उचलायचं नाही, काचेवर टकटक करायची नाही, पाणी बदलायचं आणि बाजूला व्हायचं. जिजींना हे पटेना. पण सून बरोबर वागत होती. जागा बदलली की हा प्राणी बावरतो, काही दिवस तोंडात घास घेत नाही. शेपटीत चरबी साठवलेली असते, त्यावर निभावतो. शेपूट बारीक व्हायला लागली तर मात्र डॉक्टर गाठायचा. आणि घाबरवला, ओढला तर ती साठवणीची शेपूटच टाकून देतो. नवी फुटते, पण आखूड आणि फुगीर, पहिल्यासारखी नाहीच.

"आपल्याकडे नवी नवरी आली की सगळी गल्ली तोंड बघायला," काकू म्हणाल्या.

"आणि मी दोन दिवस जेवले नव्हते," जिजी एकदम म्हणाल्या. "कोणी विचारलं नाही." पेपर आता पार अण्णांच्या डोक्याच्याही वर गेला होता.

घराची रचना जिजींनी अशी सांगितली की वाटावं, बांधकाम त्यांनीच केलं. पेटीच्या एका टोकाला खालून ऊब, तिथली जमीन 32 अंशांच्या आसपास. दुसरं टोक गार, 25 च्या जवळपास. ऊब आपोआप बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट, कारण साधी गादी तापत गेली तर पोट भाजतं. लपायला तीन बिळं: एक उबेत, एक गारव्यात आणि एक आत ओला कागद घालून दमट ठेवलेलं. हे तिसरं कशाला, हे जिजींना कळलं नव्हतं. ते कात टाकायला. दमटपणा नसला की कात बोटांना चिकटून राहते, आवळत जाते आणि बोट गळून पडतं. बुंदीची दोन बोटं अशीच गेलेली आहेत, आधीच्या घरी. तिथं ती वाळूवर ठेवलेली होती. दिसायला वाळवंट छान दिसतं, पण घासाबरोबर वाळू पोटात जाते आणि आतडं तुंबतं. सुनेनं पहिल्याच दिवशी वाळू काढून स्वयंपाकघरातला पुसायचा कागद अंथरला. त्यावर शी केली तर दिसते आणि उचलून टाकता येते. शिवाय ही पाल एकच कोपरा धरते शीसाठी. "एवढी शिस्त माणसांत नाही," जिजी म्हणाल्या, आणि कुणाकडे बघून म्हणाल्या ते सांगत नाही.

"पण ऊब कशाला विकत घ्यायची? इथं पाठवून दे म्हणावं. पारा 44 ला जातोय."

तसं नाही ना. 44 अंशांत ती मरेल. रानातली पालही दुपारी उन्हात बसत नाही. दगडाखाली, बिळात खोल गारव्याला जाते आणि दिवेलागणीनंतर बाहेर पडते. तिला निवड लागते, तापायचं की निवायचं याची. काचेच्या पेटीत तीच निवड करून द्यायची असते.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग जिजींनी आवाज उतरवला. आवाज उतरवला की काकू आपोआप पुढे सरकतात.

"फ्रिजमध्ये अळ्या आहेत."

"कोणाच्या?"

"सुनेच्या. म्हणजे बुंदीच्या. श्रीखंडाच्या डब्याशेजारी. डब्यावर चिठ्ठी लावली आहे, 'श्रीखंड नाही' म्हणून!"

सून माहेरची माळकरी. चातुर्मासात कांदा-लसूण नाही, केकसुद्धा अंड्याचा नको म्हणून डब्यामागची बारीक अक्षरं वाचणारी बाई. ती आता दुकानातून जिवंत अळ्या आणि रातकिडे आणते. अळ्या गारव्यात सुस्त राहतात म्हणून फ्रिजमध्ये. द्यायच्या आधी एक दिवस बाहेर काढून त्यांनाच ओट आणि गाजराचे तुकडे खाऊ घालायचे, कारण अळीच्या पोटात जे, तेच बुंदीच्या पोटात. मग एका डब्यात कॅल्शियमची पावडर, त्यात अळ्या, झाकण लावून हलवायचं आणि चिमट्यानं एकेक पुढे धरायची. कॅल्शियम आणि जीवनसत्त्व ड कमी पडलं की या पालींची हाडं मऊ होतात, पाय वाकतात, जबडा लुळा पडतो.

"खाणारीचं खाणं वेगळं आणि खाण्याचंही खाणं वेगळं," जिजी म्हणाल्या. "मी विचारलं सुनेला, तुला चालतं हे? तर म्हणते, आई, मी कुठे खाते? ती खाते." यावर काकूंनाही 'तरी पण' सुचलं नाही. माझं विचाराल तर त्या सुनेनं फार मोठी गोष्ट दोन वाक्यांत संपवली. आपला नेम आपल्यापाशी, पदरी घेतलेल्या जिवाचा आहार त्याच्यापाशी. कुत्र्याला दूध-पोळीवर वाढवून पुण्य मिळवणारे आपल्या गावात कमी नाहीत.

पालीला हात लावला की साबणानं धुवायचे, तिची भांडी ओट्यावरच्या सिंकमध्ये न्यायची नाहीत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. "सोवळं पाळतात बरं का," एवढ्यावर मात्र जिजी खूश होत्या.

मग मी जरा आगाऊपणा केला. म्हटलं, या पालींची अंडी किती उबेत ठेवली त्यावर पिल्लू नर की मादी ते ठरतं. 26 अंशांच्या सुमारास ठेवली तर बहुतेक माद्या, 32 च्या पुढेमागे नर जास्त, आणि 34 च्या वर गेलं की पुन्हा माद्याच.

जिजी थांबल्या. त्यांना तीन मुलींनंतर मुलगा झाला. "म्हणजे त्या आईला कोणी बोल लावत नसेल," त्या म्हणाल्या, आणि चिकाचं पातेलं उगाचच ढवळू लागल्या.

हे सगळं झाल्यावर मी सांगितलं की बुंदीची चुलत बहीण आपल्या मागच्या डोंगरातलीच आहे. 2014 साली झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सोबत्यांनी सातपुड्यातून याच कुळातली नवी जात नोंदवली आणि तिला नावही सातपुड्याचंच दिलं. जिजींनी मान वर केली.

"मागच्या पावसाळ्यात आमच्या सालदारानं बांधावरच्या दगडांत एक मारली होती. जाड शेपटीची, पट्ट्यापट्ट्यांची. ती चावली की माणूस पाणी मागत नाही म्हणाला. मीच म्हटलं, बरं केलं." थोडं थांबून म्हणाल्या, "काठी उचलली तेव्हा तिनं डोळे मिटले होते. मला तेव्हा वाटलं, पाल कुठे डोळे मिटते?"

आपल्याकडच्या कुठल्याच पालीत माणूस मरेल असं विष नाही. हे मी शाळेत वर्षानुवर्षं सांगितलं, त्या सालदाराच्या मुलालाही सांगितलं असेल. पण बांधावर काठी हातात असते, पुस्तक नसतं.

"नातू दिवाळीनंतर येणार आहे. त्याला सांगते, इथलीच धरून देऊ एक," काकूंनी सुचवलं. मी तिथल्या तिथे मोडता घातला. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, रानातला प्राणी धरून पेटीत कोंडायचा म्हणजे वनखात्याला घरी बोलवायचं. मांडुळाच्या नादानं किती जण आत जाऊन आले ते पेपरात वाचतोच. डॅलसची बुंदी पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या पेटीत जन्मलेली आहे, तिचं वेगळं. इथलीला लांबून बघावं, तेही अण्णांना बरोबर घेऊन. नाहीतर रात्री बिबट्या पाल शोधायला जायचं आणि उसातला खरा बिबट्या भेटायचा.

"किती जगते ग ही?" जिजींनी विचारलं.

"नीट ठेवली तर पंधरा-वीस वर्षं."

जिजींनी बोटांवर हिशेब मांडला. पोऱ्या नऊचा. कॉलेजला जाईल, वसतिगृहात राहील, नोकरीला कुठे लागेल देव जाणे. "म्हणजे पाल सुनेच्याच गळ्यात. आणि जूनमध्ये मी चार महिने जाणार, दोघं कामावर, तेव्हा माझ्या."

"मग? कळवून टाका, जमणार नाही म्हणून."

"जमणार नाही कसं? चिमट्यानं धरायची ना अळी, धरीन. पापड तळलेत आयुष्यभर, चिमट्याचं मला कोणी शिकवू नये." पातेलं उचलून त्या आत निघाल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "पण फ्रिजमध्ये माझ्या लोणच्याला वेगळा कप्पा पाहिजे, हे आजच सांगून ठेवते."