बुलेटला सॉकेट कसे बसवावे (साडूंसह)

लांब पल्ल्याच्या मोटारसायकलवर फोन चार्ज करण्यासाठी सॉकेट बसवणे हे तासाभराचे काम आहे. सोबत साडू असल्यास दोन रविवार धरावेत. प्रस्तुत मार्गदर्शन या दुसऱ्या परिस्थितीसाठी आहे. पहिल्या परिस्थितीत कोणाला मार्गदर्शन लागल्याचे ऐकिवात नाही.

नियम १. प्रथम प्रयोजन निश्चित करावे. सॉकेट कशाला? फोनला. फोन कशाला? नकाशाला. आमचे साडू पुणे-महाबळेश्वर रस्ता मिसरूड फुटल्यापासून ओळखतात. पसरणी घाटातली वळणे त्यांना पाठ आहेत, चहा कुठे पाणचट मिळतो तेही पाठ आहे. तरीसुद्धा सुरूर फाट्यावर फोनमधली बाई ‘वळा’ म्हणाल्याशिवाय ते इंडिकेटर देत नाहीत. शिवाय सॉकेट महाबळेश्वरसाठी नाहीच, ते लेहसाठी आहे. लेहला साडू पुढच्या जूनमध्ये जाणार आहेत. हा जून बराच जुना आहे.

नियम २. विजेचा हिशेब मांडावा. साध्या फोन चार्जरला दहा वॅट लागतात, म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतून एक अँपियरसुद्धा जात नाही. बुलेटला याचा पत्ताही लागत नाही. पण साडूंच्या यादीत फोनखेरीज हेल्मेटवरचा कॅमेरा, इंटरकॉम, गरम होणारे हातमोजे आणि टायरमध्ये हवा भरायचा पंप असतो. पंप एकटाच आठ-दहा अँपियर ओढतो. त्याला फोनच्या सॉकेटवर टांगू नये, बॅटरीवरून वेगळी जाड वायर आणि वेगळा फ्यूज द्यावा, आणि पंप चालू असेपर्यंत इंजिन बंद करू नये. हातमोज्यांविषयी एवढेच सांगतो की आम्ही कोथरूडला राहतो.

नियम ३. मोटारीत असते तसले सिगारेट लायटरचे गोल सॉकेट घेऊ नये. बुलेटच्या थरथरीने त्यातला प्लग हळूहळू बाहेर सरकतो आणि फोन दोन टक्क्यांवर आला की आपल्याला कळते. रबरी टोपीचे यूएसबी सॉकेट बरे.

नियम ४. खरेदी. रिले आणि वायर तपकीर गल्लीत, फ्यूज होल्डर नाना पेठेत. दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात, पण साडूंना हे सांगून उपयोग नाही. ते दुकानदाराला प्रथम लेहची उंची सांगतात, मग दीड चौरस मिलिमीटरची दोन मीटर वायर मागतात.

नियम ५. रिले. या ठोकळ्याच्या पायांवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. ३० ला फ्यूजमधून बॅटरीची प्लस, ८७ ला सॉकेट, ८६ ला चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी एखादी वायर, पार्किंग लाइटची चालते, आणि ८५ ला अर्थ. म्हणजे चावी काढली की सॉकेट मेले. रिलेशिवाय थेट बॅटरीला जोडले तरी फोन चार्ज होतोच. फक्त सॉकेटमधला तो इवलासा निळा दिवा दिवसरात्र जळत राहतो, आणि जी गाडी वर्षातले बहुतेक दिवस कव्हर घालून पार्किंगमध्ये उभी असते तिची बॅटरी त्याला पुरत नाही. नव्या क्लासिकला किकही नाही. मग धक्का मारायला माणूस लागतो. तो माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि रविवारी सकाळी त्याला पेपर वाचायचा असतो.

नियम ६. बॅटरी सोडवताना आधी मायनस काढावी, जोडताना मायनस शेवटी. उलट केले तर प्लसवरचा पाना चासीला टेकतो आणि ठिणगी उडते.

नियम ७. फ्यूज. इथे थट्टा बंद. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच, फोनच्या सॉकेटला पाच अँपियरचा पुष्कळ झाला. फ्यूज फोनला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. टाकीखाली वायर घासून उघडी पडली आणि चासीला लागली, तर फ्यूज तरी उडतो, नाहीतर वायर पेटते, आणि वर पेट्रोल असते. याबाबतीत साडूंशी वाद घालू नये. एकदा वाईच्या अलीकडे रस्त्याकडेला एका पोराच्या गाडीतून धूर निघताना दिसला. साडूंनी बुलेट थांबवली, त्याची जळकी वायर कापली, आपल्या डब्यातली नवी टाकली आणि फ्यूज बसवून दिला. पैसे घेतले नाहीत. व्याख्यान मात्र अर्धा तास दिले, आणि त्या पोराने ते हेल्मेट हातात धरून शेवटपर्यंत ऐकले. मला तेव्हा साडूंचा अभिमान वाटला. हे घरी बोलू नये.

नियम ८. वायरी पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळणे हा जोड नव्हे. मे महिन्यात त्या पट्टीचा गोंद वितळतो आणि पट्टी सुटून लोंबते. डाग द्यावा तर डाग संपतो तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. टर्मिनल क्रिम्प करून वर आकसणारी नळी चढवावी. वायर बांधण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना पुरते फिरवून पाहावे. सरळ हँडलला पुरणारी वायर पार्किंगमधून पहिले वळण घेतानाच उपटते.

नियम ९. फोन कुठे ठेवावा? ताकदवान इंजिनाच्या मोटारसायकलची थरथर हँडलवरून फोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकते, असे ॲपलने २०२१ मध्ये कळवले. कमी थरथरीच्या गाडीवरसुद्धा थरथर शोषणारा माउंट लावायला सांगितले. तसा माउंट बाजारात मिळतो. साडूंनी तो न घेता फोन जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायला सुरुवात केली. आता वायर सॉकेटमधून निघून त्यांच्या छातीपर्यंत जाते. नकाशा दिसत नाही, पण शंभर टक्के चार्ज असतो. चहाला थांबल्यावर साडू रुबाबात पाय टाकून उतरतात, दोन पावले चालतात आणि गाडी त्यांना मागे ओढते. टपरीवरच्या लोकांना वाटते, ही नवी चोरीविरोधी यंत्रणा.

नियम १०. चाचणी. इंजिन बंद असताना बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि जरा रेस दिल्यावर चौदाच्या आसपास दिसले की चार्जिंग ठीक समजावे. मग सॉकेटवर पाण्याचा मग ओतून टोपी तपासावी. त्यानंतर कात्रजचा घाट उतरून परत आले की पुरे. साडू त्यासाठी गुडघ्यांचे पॅड, पंक्चरचे किट आणि सुका मेवा घेतात.

नियम ११. हत्यारे आवरताना ज्याची त्याला द्यावीत. क्रिम्पिंगची पक्कड माझी आहे. निळ्या मुठीची. ती गेल्या दिवाळीपासून साडूंच्या सॅडल बॅगेत आहे, कारण लेहला लागेल.