तीन आठवड्यांचा भूमिपुत्र

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की तो येतो. पहाटे मुंबईला उतरतो, कात्रज मागे पडेपर्यंत झोपतो, खंबाटकीचा घाट चढताना जागा होतो आणि ‘हा रस्ता एवढा मोठा कधी केला?’ असं ड्रायव्हरला विचारतो. ड्रायव्हरला ते सांगता येत नाही, कारण रस्ता झाला तेव्हा तो बालवाडीत होता. गाडीत मागे दोन बॅगा असतात, प्रत्येकी नेमक्या २३ किलोच्या. त्यांत बदामाची पाकिटं, चॉकलेटं आणि सांधेदुखीची मलमं. खिशातल्या फोनमध्ये एक यादी असते, एकवीस दिवसांची आणि बॅगांइतकीच ठासून भरलेली. सातारचा असेल तर यादीत सज्जनगड, कास, कंदी पेढे आणि दाताचं रूट कॅनल. सांगलीचा असेल तर गणपतीचं दर्शन, हरिपूरचा संगम, भडंग आणि वालचंद कॉलेजच्या वर्गमित्रांबरोबर जेवण. वडिलोपार्जित जमिनीला नाव लावणं दोघांच्याही यादीत असतं. या दोघांना एकाच चौकटीत बसवायला हरकत नाही. १९४९ मध्ये जिल्हा वेगळा झाला तेव्हा सांगलीकडच्या भागाचं नावच दक्षिण सातारा होतं, आणि परदेशातून येणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर ही वाटणी अजून व्हायचीच आहे. आल्यापासून तिसऱ्या दिवशी यादीतल्या एकाही ओळीवर काट बसलेली नसते. मग आपला भूमिपुत्र उसासा टाकून निकाल देतो, “इकडे सगळंच फार स्लो आहे.”

हा निकाल कोणी अमान्य करत नाही. पाहुण्याला खोडून काढायचं नसतं, आणि त्याने दिलेला पुरावाही वरवर भक्कम दिसतो. सकाळी अकराला तो चुलतभावाकडे ‘पाच मिनिटं’ जातो. “बसा की, गडबड काय हाय?” इथून सुरुवात होते. मग पाणी, चहा, “कवा आलास? हाईस किती दिस?”, मग पोहे, मग शेजारचे अण्णा, आणि अण्णांसाठी पुन्हा चहा. दीड वाजतो. “मग, काय चाललंय?” असं त्याने विचारलं तर चुलतभाऊ म्हणतो, “निवांत.” आमचा भूमिपुत्र या शब्दाची नोंद हजेरीपत्रकात करावी तशी करतो: भर सोमवारी, कामाच्या वेळी, धडधाकट माणूस निवांत. इथेच त्याची गफलत होते. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला जो संथपणा दिसतो तो गावाचा स्वभाव नसून पाहुणचार असतो. गाव त्याच्यासाठी थांबलेलं असतं, आणि त्याला वाटतं ते मुळातच चालत नाही.

हा निवांत चुलतभाऊ नीट पाहा. डिसेंबर म्हणजे कारखान्यांच्या गाळपाचा भर. उसाला तोड आली आणि टोळी फडात उतरली की मालकाला झोप नसते. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळला जावा लागतो, नाहीतर वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. गप्पांच्या मध्ये चुलतभाऊ दोनदा कोपऱ्यात जाऊन फोनवर दबक्या आवाजात बोलतो तो मुकादमाशी. पाहुण्याला मात्र ते मोबाईलचं व्यसन वाटतं. शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की मोटर सुरू करून पाणी धरायला माणूस अपरात्री शेतात जातो. आपल्या भूमिपुत्राला याचा पुरावा आयताच मिळालेला असतो. रात्री तीनला त्याचा टक्क डोळा उघडा असतो, कारण न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात. त्या वेळी गल्लीतून मोटरसायकल गेल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू येतो. त्यावरून तो निष्कर्ष काढतो की गावात आणखी कोणालातरी झोप लागत नाही. तासगावकडचे द्राक्षबागायतदार याच दिवसांत आभाळाकडे पाहत असतात. ढग आले, दव पडलं, की दावण्या रोगाची धास्ती. मग फवारणी उद्यावर टाकता येत नाही. अशा माणसाने दोन तास मांडी घालून पाहुण्याशी अमेरिकेतल्या बर्फाबद्दल गप्पा माराव्यात, हा संथपणा म्हणायचा की उधळपट्टी?

कोणी म्हणेल, शेतीचं ठीक आहे, पण एकूण वृत्तीचं काय? तर वृत्तीही तपासू. कृष्णेला पाणी चढायला लागलं की सांगलीकराची नजर आयर्विन पुलाकडे लागते. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका हे आकडे तिथे पाढ्यांसारखे पाठ असतात. कितव्या फुटाला पाणी कोणत्या गल्लीत शिरतं, स्कूटर कधी हलवायची आणि धान्याचे डबे माळ्यावर कधी चढवायचे, हे गृहिणीला तोंडपाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं तेव्हा रातोरात घरं रिकामी करणारी हीच ती ‘स्लो’ माणसं होती. भाजीवालीचंही तेच. तिच्या पाटीला चिकटवलेल्या चौकोनावर फोन धरला की कोथिंबिरीचे दहा रुपये तिला क्षणात पोचल्याची घोषणा होते. आपला भूमिपुत्र मात्र तिकडचं कार्ड, इकडचा बंद पडलेला नंबर आणि न येणारा ओटीपी यांत अडकून तिच्यासमोर पाच मिनिटं उभा असतो. मागे रांग लागते. त्या रांगेत स्लो कोण आहे, हे कोणी बोलून दाखवत नाही. तो दोन आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’वर काम करणारा माणूस. इकडे आडसाली ऊस १६ ते १८ महिने रानात उभा असतो. दीड वर्ष थांबायचं आणि शेवटचे २४ तास पळायचं, हा इथला ताल आहे. तो थांबण्याच्या बाजूने पाहिला तर आळस दिसेल, पळण्याच्या बाजूने पाहिला तर वेड दिसेल. आपला पाहुणा नेहमी थांबण्याच्या बाजूलाच बसवलेला असतो, आणि तेही पंख्याखालच्या खुर्चीत.

घर सोडून गेलेला आणि सुट्टीला परतणारा माणूस या मुलखाला नवा नाही. पहिल्या महायुद्धात अपशिंग्यासारख्या गावांतून शिपाई समुद्रापार गेले. गिरणगावातले चाकरमानी वळकटी घेऊन यात्रेला आणि सुगीला येत. खानापूर-विट्याकडची गलाई व्यवसायातली माणसं सोनं-चांदी शुद्ध करण्यासाठी देशभरच्या पेठांत पसरली, आणि तीही सणावाराला गावाकडे येतात. गिरणीचा भोंगा काही सिलिकॉन व्हॅलीपेक्षा सैल नव्हता. तरीही सुगीला आलेल्या चाकरमान्याने गाव स्लो असल्याची तक्रार केली असेल असं वाटत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात विळा दिलेला असायचा. कामाचा हात म्हणून ज्याची मोजदाद होते त्याला गावाचा वेग अंगावर कळतो. आजच्या भूमिपुत्राला विळा कोणी देत नाही. त्याला टॉवेल-टोपी आणि नारळ देतात, खुर्ची देतात, बाटलीबंद पाणी देतात. “तू बस, दमला असशील,” म्हणतात. तो बसतो, आणि बसलेल्या माणसाला सगळं जगच बसलेलं दिसतं.

आता कचेऱ्यांचा आक्षेप. तो खरा आहे, आणि त्याला मी पाहुणचाराचं पांघरूण घालणार नाही. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ या वाक्यात कोणतंही प्राचीन शहाणपण दडलेलं नाही. तरी तिथेही जरा निवड करायला हवी. वारसाचं नाव लावायला गेल्यावर फेरफाराची नोंद लगेच मंजूर होत नाही. हितसंबंध असलेल्यांना हरकत घेता यावी म्हणून १५ दिवसांची नोटीस असते. हे १५ दिवस तलाठ्याचा आळस म्हणून गणले जातात, पण ते बहिणीचे असतात, पुतण्याचे असतात, बांधाशेजारच्याचे असतात. ज्याची रजाच एकवीस दिवसांची आहे त्याने नवव्या दिवशी अर्ज करून चोविसाव्या दिवसाचा दोष व्यवस्थेला द्यावा, हे गणित इंजिनिअरला शोभत नाही. शिवाय डिजिटल सहीचा सातबारा फोनवर उतरवून घेता येतो. त्याला तो तिकडे बसूनही काढता आला असता. पण तो त्याने राहू दिलेला असतो, कारण तिकडे त्याला वेळ नसतो. सगळा वेळ इकडेच असतो, असा त्याचा समज.

दुसऱ्या आठवड्यात त्याचं मतांतर होतं, आणि ते तक्रारीपेक्षा जास्त धोक्याचं असतं. घड्याळ काढून ठेवतो, ओट्यावर बसतो, बशीत चहा ओतून पितो, आणि म्हणतो, “खरं जगणं इथेच आहे. तुम्हाला कळत नाही तुम्ही किती सुखी आहात.” आधी ज्याला स्लो म्हटलं त्यालाच आता शांत म्हणतो. चूक तीच, फक्त सूर मंगलाष्टकांचा. हा समज उतरवायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलं तरी पुरे. बाहेर काळ थांबलेला असतो तो आत कोणीतरी पळत असल्यामुळे. “वहिनी, काही करू नका,” असं तो ओट्यावरून मोठ्याने सांगतो. या वाक्याचा स्वयंपाकघरातला अर्थ ‘लवकर करा’ असा होतो. पोहे उतरतात तोवर त्याला भेटायला कोल्हापूरचे साडू येतात, साडूंना तिखट चालत नाही, दूध नासतं, गॅस संपतो. बाहेर निवांतपणावर चर्चा रंगते. निवांतपणा कपाने मोजायचा झाला तर दिवसाला तीस कप भरतो, आणि तेवढेच कप विसळावेही लागतात. तेव्हा, ‘या वेगाशी जुळवून कसं घ्यायचं’ असं जो विचारतो त्याला उपाय साधा आहे. आपली कपबशी स्वतः मोरीपर्यंत नेऊन विसळावी. वेग तिथे आपोआप जुळतो.

तिसऱ्या आठवड्यात यादी पुन्हा डोकं वर काढते. पेढे, भडंग, चटण्या आणि हळद बॅगेत कोंबून काट्यावर चढवली जातात, तेवीसचे पंचवीस होतात, हळद निघते, चटणी राहते. निघताना तो उंबऱ्यात थांबतो, फाटकात थांबतो, गाडीच्या काचेतून अर्धा तास बोलतो. तीन आठवड्यांत त्याला थांबणं जमलं, आणि विमान चुकायची वेळ आली. गाडी कोपऱ्यावर वळते. चुलतभाऊ साठलेल्या कामांकडे पळतो. अण्णा घरी जातात. वहिनी पदराने घाम पुसत खुर्चीवर टेकतात, तीच ती पंख्याखालची खुर्ची. शेजारीण कुंपणावरून विचारते, “काय चाललंय?”

“निवांत,” वहिनी म्हणतात. एकवीस दिवसांत पहिल्यांदाच ते खरं असतं.