सुरक्षिततेत शंभरपैकी शंभर : एक अनावृत पत्र

माननीय कुलसचिव महोदय यांसी,



आपल्या कार्यालयातून दरवर्षी प्रथम सत्राच्या प्रारंभी निघणारे आणि 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का धारण करून सावकाश येणारे ते परिपत्रक यंदाही यथाकाल आमच्या वसतिगृहाच्या दप्तरी दाखल झाले. त्यातील आज्ञेबरहुकूम सर्व विद्यार्थ्यांनी 'सुरक्षितता व मनःस्वास्थ्य' हे ऑनलाईन प्रशिक्षण मुदतीच्या आत पुरे केले, प्रत्येकाच्या नावाचे प्रमाणपत्र निघाले, अनुपालन अहवालात आमच्या वसतिगृहापुढे शंभर टक्के हा आकडा चढला, आणि आपल्या सहीचे अभिनंदनपर पत्रही आम्हांस पावले. हा बहुमान ज्यांच्यामुळे आमच्या वाट्याला आला त्यांपैकी एका विद्यार्थ्याची हकीकत आपल्या कानी घालावी, एवढ्याच सद्हेतूने हा पत्रप्रपंच.

विद्यार्थी परभणी जिल्ह्यातला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा. सायबर सुरक्षेच्या प्रकरणावर जी चाचणी होते तीत त्याला शंभरपैकी शंभर गुण पडले. 'कर्ज देणाऱ्या अनोळखी ॲपला आपल्या मोबाईलमधील संपर्कयादी पाहण्याची परवानगी द्यावी काय?' या प्रश्नास त्याने 'देऊ नये' असे निःसंदिग्ध उत्तर दिले होते. आणि त्यानंतर महिनाही उलटला नसेल, तोच शिष्यवृत्तीचा हप्ता अडकलेला, खानावळवाल्याचा तगादा रोजचा, आणि घरी मागावे तर सोयाबीन अजून शेतात उभे, अशा अवस्थेत त्याने तीच परवानगी तसल्याच एका ॲपला देऊन टाकली. मुलाजवळ ज्ञान पुरेसे होते. खानावळवाला ज्ञान घेत नाही.

मंजूर झाले चार हजार, हाती पडले अडीच, आणि सातव्या दिवशी मागणी आली सहाची. ती पुरी झाली नाही तेव्हा त्याचे छायाचित्र एका विवस्त्र देहाला चिकटवून ते प्रथम त्याच्या मामाला, मग चुलतभावाला, आणि पुढे ज्यांच्या हाताखाली तो मुळाक्षरे शिकला त्या गावच्या गुरुजींना धाडण्यात आले. आता अशा प्रसंगी काय करावे याची तजवीज सरकारने केलेली नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. 1930 हा मदत-क्रमांक आहे, गृह मंत्रालयाचे तक्रारीचे पोर्टल आहे, भारतीय न्याय संहितेत खंडणीसाठी कलम 308 आहे. आणि कर्जाच्या ॲपने ग्राहकाच्या संपर्कयादीला व छायाचित्रांना हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्येच बजावून ठेवले आहे. हे सारे आपल्या प्रशिक्षणात आहे, त्या मुलाला तोंडपाठ होते, आणि तरीही तो आठ-दहा दिवस खोलीचे दार लावून, जेवणाच्या ताटाकडे पाठ करून पडून राहिला. शेवटी खोलीतल्या जोडीदाराने त्याला दंडाला धरून माझ्यापुढे आणून उभे केले.

"अरे, आधी का सांगितलं नाहीस?" असे मी स्वाभाविकपणे विचारले. मान खाली घालून तो म्हणाला, "सर, मी लिहून दिलंय ना."

महोदय, या पाच शब्दांचा उलगडा व्हावा म्हणून आपल्या प्रशिक्षणाच्या अखेरीस जे हमीपत्र येते, आणि ज्याच्या चौकटीत खूण केल्यावाचून प्रमाणपत्राचे बटण उघडत नाही, त्यातील सातवा परिच्छेद मी त्या रात्री प्रथमच लक्षपूर्वक वाचला. विद्यार्थी त्यात असे लिहून देतो की, उपरोक्त मजकूर आपण वाचून समजून घेतला असून यापुढे आपल्या निष्काळजीपणामुळे उद्भवणाऱ्या कोणत्याही परिणामास आपण स्वतः जबाबदार राहू, विद्यापीठ राहणार नाही. वाक्यरचना निर्दोष आहे, आणि कोणा विधिज्ञाच्या नजरेखालून गेली असावी असा संशय घेण्यास जागा आहे. मुलाने तिचा अर्थही अचूक लावला : आपण फसलो ही गोष्ट उघडकीस आली की आपण हमीपत्राचा भंग केला असे ठरणार, आणि मग वसतिगृहातील जागा जाणार, कदाचित प्रवेशही. ज्या दारावर त्याने मदतीसाठी थाप मारावी, त्या दाराला त्याच्याच हाताने आतून कडी घालून घेण्याची ही युक्ती ज्या कोणाला सुचली असेल, त्याचा सत्कार आपण येत्या वर्धापनदिनी अवश्य करावा.

हमीपत्रे आम्हांला नवी नाहीत. मार्च 2009 मध्ये हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगपायी बळी गेला, त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले, आणि तेव्हापासून विद्यार्थी व पालक दरसाल प्रतिज्ञापत्र भरीत आले आहेत. त्याचा उपयोग किती झाला हा वाद बाजूला ठेवला, तरी त्यात विद्यार्थी जे लिहून देतो ते हे की, मी दुसऱ्याला इजा करणार नाही. आपल्या हमीपत्रात तो लिहून देतो की, मला इजा होणार नाही, आणि झालीच तर तो माझा दोष. पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारण्याऐवजी घरातल्या माणसांकडून 'आम्ही भिजणार नाही' असे मुद्रांकित कागदावर लिहून घ्यावे, तशातला हा प्रकार आहे; आणि एवढे करून गळते कौल तसेच राहते, फक्त भिजलेला माणूस तक्रार करीत नाही.

सक्तीच्या प्रशिक्षणाची ही विद्या मुळात अमेरिकेची, आणि तिचा तिथला इतिहास आपल्या कार्यालयात कोणी वाचला असता तर पुष्कळ तसदी वाचली असती. 1986 मध्ये पेन्सिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनीचा तिच्या खोलीत खून झाला. तिच्या आईवडिलांच्या चिकाटीतून 1990 चा जो कायदा जन्मास आला त्याचा रोख विद्यार्थ्यांकडे नव्हताच. आवारात घडलेले गुन्हे लपवू नका, दरवर्षी जाहीर करा, असे तो विद्यापीठांस फर्मावीत होता. पुढे 2013 मध्ये त्याच कायद्यात भर पडून नवागत विद्यार्थ्यांसाठी प्रतिबंधक शिक्षण बंधनकारक झाले. दरम्यान 1998 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या दोन खटल्यांत असा निर्वाळा दिला की, विशिष्ट परिस्थितीत मालकाने छळ टाळण्याची वाजवी काळजी घेतली होती आणि पीडितानेच दिलेल्या सोयीचा लाभ घेतला नाही, एवढे मालकास सिद्ध करता आले तर ते त्याच्या बचावास उपयोगी पडेल. मग काळजी घेतल्याचा पुरावा हवा, आणि प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राइतका स्वस्त पुरावा दुसरा कोणता? संस्थेचे तोंड उघडणारे एक कलम आणि संस्थेची पाठ राखणारे दुसरे, अशी दोन्ही तेथे उपलब्ध असता आपण नेमके दुसरे उचलले, यावरून आपल्या विधी विभागाच्या सूक्ष्म दृष्टीची खातरजमा होते.

आमच्याकडील न्यायालयाने तर आपल्यासाठी काम सोपे करून ठेवले होते. 25 जुलै 2025 रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावयाचा आहे, आणि वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावयाचे आहे ते अध्यापक व अध्यापकेतर कर्मचाऱ्यांना, तेही प्रमाणित तज्ज्ञांकडून. माणूस नेमा, आणि शिकवायचे तर आधी स्वतः शिका, असा त्याचा सरळ अर्थ. आपण विद्यार्थ्यांना चित्रफीत दाखविली. आम्हां कर्मचाऱ्यांना तीच चित्रफीत, तेच सातवे कलम. समुपदेशन कक्ष आहे. ग्रंथालयाच्या जिन्याखाली त्याची पाटी आहे, पाटीखाली कुलूप आहे, आणि कुलपाआड जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. समुपदेशकाचे पद 'प्रक्रियेत' आहे. प्रशिक्षणात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'अधिक मदतीसाठी आपल्या आवारातील समुपदेशकास भेटा' असे एक मंजूळ स्वर सांगतो, तो ऐकून मुले हसतात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा 14416 हा क्रमांक चांगला आहे, मी स्वतः तो भिंतीवर लावला आहे. पण सलग तीन दिवस ज्याचे ताट मेसमध्ये उचलले गेले नाही असा मुलगा दूरध्वनीला दिसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात आत्महत्या केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या 13,044 दिलेली आहे. तेवढी घरे आहेत ती. त्यांच्यापुढे अनुपालनाचे टक्के कोणी वाचून दाखवणार आहे काय? लाज वाटावी अशा गोष्टी पुष्कळ असतात, लाजेचा अहवाल मात्र कोणी मागत नाही.

प्रशिक्षणाच्या बाकीच्या गुणांविषयी थोडक्यात. 'पुढे' हे बटण ठराविक काळ गोठलेले असते, त्या अवकाशात मुले दाढी करून घेतात. एका खोलीत एकजण उत्तरे वाचतो आणि बाकीचे निरनिराळ्या मोबाईलवर खुणा करतात, त्यास सहकार्य म्हणावे. श्वसनाच्या व्यायामात कमळ फुलते आणि मिटते. परंतु सर्व्हर नेमका 'श्वास रोखून धरा' येथे अडकतो आणि पुढची सूचना संध्याकाळपर्यंत येत नाही.

असो. हा सर्व मजकूर याहून तिखट शब्दांत लिहिण्याचा माझा बेत होता, आणि मुलाचा अर्ज हाती घेऊन कचेरीची वेळ संपल्यावर मी त्याला आपल्याकडे घेऊन आलो तो भांडणाच्याच तयारीने. परंतु दिवेलागणी होऊन गेल्यावरही आपण कोट खुर्चीला अडकवून संगणकापुढे बसला होता, वरच्या कुठल्याशा कार्यालयाच्या पोर्टलवर कृती-अहवाल भरीत होता, आणि रकाना भरला की पान पुसले जात होते. त्या अहवालाच्या तळाशीही एक चौकट होती : वरील माहितीस निम्नस्वाक्षरीकार व्यक्तिशः जबाबदार राहील. आपणही लिहून दिले आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सायबर जागरूकता दिवस, त्याची छायाचित्रे. मूल्यांकन समितीसाठी निराळा तक्ता. राज्याचा एक, आयोगाचा एक. या ओझ्याखाली माणूस सातवे कलम वाचणार कधी?

आणि तरीही त्या रात्री आपण मुलाला उपदेश केला नाहीत. "किती घेतले होतेस?" एवढे विचारून, "आणि शिष्यवृत्तीचे काय झाले?" असा जो प्रश्न आपण केलात, तो आपल्या प्रशिक्षणाच्या एकाही पानावर नाही. शोध घेता असे निघाले की त्याचा अर्ज आपल्याच विभागाच्या लॉगिनमध्ये पडताळणीवाचून पडून होता, त्याच्यासारखे आणखी कितीतरी. आणि पडताळणी करणारा एकुलता एक कंत्राटी कारकून त्या काळात आपल्याच हुकुमाने सुरक्षितता-प्रमाणपत्रे मोजीत बसला होता. हे ऐकून आपण बराच वेळ काही बोलला नाहीत. कारकून तर बिचारा रडकुंडीला आला; त्याला स्वतःला दोन महिने पगार नव्हता.

अर्ज त्याच रात्री पुढे सरकला, 1930 वर तक्रारही नोंदली गेली, मुलगा आता वर्गात येतो. म्हणून आपल्याविषयी माझ्या मनात आकस उरलेला नाही, मात्र मागण्या तीन आहेत आणि त्या लेखी आहेत. शिष्यवृत्तीच्या कारकुनाकडून प्रमाणपत्रे मोजण्याचे काम काढून घ्यावे. समुपदेशन कक्षातील उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हलवून तेथे पगारी, पूर्णवेळ माणूस बसवावा. आणि हमीपत्राचा सातवा परिच्छेद रद्द करून, त्याजागी फसलेल्या विद्यार्थ्याने कोणत्या खोलीत, कोणाकडे यावे, व आल्यास त्याच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही, एवढे विद्यापीठाने आपल्या मोहोरेनिशी विद्यार्थ्यास लिहून द्यावे. द्वितीय सत्राच्या प्रवेशांपूर्वी तसा हुकूम निघावा, ही विनंती.

कळावे,

आपला,
मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर