गळकरी

अमेरिकेत माणूस समजून घ्यायचा असेल तर त्याच्या दिवाणखान्यात बसून चहा पिण्यात अर्थ नाही. दिवाणखाना पाहुण्यांसाठी आवरलेला असतो. यजमानाशी गोड बोलून गॅरेजचं दार उघडायला लावावं. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो या गावांत आता मराठी घरं पुष्कळ झाली आहेत. त्यातल्या एखाद्या घरी दार वर सरकतं आणि आत दिसते अंगभर चमकी मारलेली एक लांबलचक लाल बोट. दोन्ही गाड्या बाहेर उन्हात. भिंतीवर ओळीने रॉड टांगलेले. कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत पारदर्शक प्लास्टिकचे डबे. स्क्रू-खिळे असतील असं समजून तुम्ही जवळ जाता, तर डब्यांतून शेकडो रंगीत डोळे तुमच्याकडे टक लावून बघत असतात.

आपण गळकऱ्याच्या घरी आलो आहोत हे ओळखावं, आणि निघण्याची घाई असेल तर ‘हे काय आहे?’ असं चुकूनही विचारू नये.

गळकरी जन्मत नाही, घडतो. ऑफिसातला एखादा टेक्सन सहकारी त्याला एका शनिवारी तळ्यावर नेतो, हातात रॉड देतो आणि तासाभरात याच्या गळाला दोन पौंडांचा लार्जमाउथ बास लागतो. नवशिक्याला पहिल्याच दिवशी मासा मिळणं यासारखी दुर्घटना नाही. तो हिरवट, भल्या थोरल्या जबड्याचा प्राणी पाण्याबाहेर उसळी मारून मान झटकतो आणि त्या क्षणी एका संसारी माणसाचे पुढच्या वीस वर्षांचे शनिवार खलास होतात.

माझ्या ओळखीतला गळकरी मूळचा जळगावचा. सॉफ्टवेअर कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर, आणि कट्टर शाकाहारी. घरात अंड्याचा केकसुद्धा येत नाही. त्याची सोय रे स्कॉट नावाच्या अलाबामातल्या एका विमा एजंटाने करून ठेवली. स्कॉटने 1967 मध्ये आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बास पकडण्याची मोठी स्पर्धा भरवली, पाठोपाठ बास पकडणाऱ्यांची देशव्यापी संघटना काढली आणि 1972 पासून ‘पकडा, तोला, सोडून द्या’ या पद्धतीचा जोरदार प्रचार केला. तळ्यांतले मासे टिकावेत एवढाच त्याचा हेतू. त्यातून शाकाहाऱ्यांनाही मासेमारीचं दार उघडलं, हे त्याच्या गावीही नसेल. गळकऱ्याच्या आईला मात्र हा कारभार अजून पटलेला नाही. “खायचा नाही, विकायचा नाही, मग त्या मुक्या जिवाच्या ओठाला टोचलंस कशाला?” असं ती विचारते. रोज क्लायंटला तोंड देणारा हा माणूस त्यावर ‘कन्झर्व्हेशन’ असं काहीतरी पुटपुटतो आणि डबे आवरायला जातो.

डब्यांत असतं नकली आमिष. लाकडी आणि प्लास्टिकचे मासे, भिरभिरत्या पत्र्याचे स्पिनरबेट, झालरी लावलेले जिग, रबरी बेडूक. आणि गांडुळं! गांडुळांचं खातंच स्वतंत्र आहे. ओहायोतल्या ॲक्रन गावी निक क्रीम नावाच्या कारागिराने 1949 मध्ये घरच्या घरी व्हिनाइल, तेल आणि रंग शिजवून मऊ प्लास्टिकचं गांडूळ ओतलं. पुढे त्याचा कारखाना टेक्सासात टायलरला आला. तेव्हा चुलीवर चढलेलं ते आधण अजून उतरलेलं नाही. रंगांची नावं ऐकली तर भाजी मंडईत उभे आहोत असं वाटावं: ग्रीन पंपकिन, वॉटरमेलन, वॉटरमेलन रेड.

“ही दोन्ही वॉटरमेलन हिरवीच तर आहेत,” मी एकदा म्हणालो.

त्याने दोन्ही गांडुळं शेपटीला धरून दिव्यासमोर टांगली. एकात काळे ठिपके होते, दुसऱ्यात काळे आणि लाल.

“माशाला दिसतात हे ठिपके?”

“गढूळ पाण्यात नाही दिसत.”

“मग तेव्हा?”

“तेव्हा ब्लॅक अँड ब्लू.” तोही डबा होता.

मासे सपाटून खात असतात तेव्हा गळकरी आणि इतर माणसं यांत फरक कळत नाही. त्या दिवशी आमिषाच्या जागी गाडीची किल्ली बांधली तरी चालेल. त्याचं खरं दर्शन घडतं ते मासे तोंड मिटून बसलेले असतात तेव्हा.

टेक्सासात हिवाळ्याच्या शेवटी उत्तरेकडून थंड हवेचा लोट येतो. तो येण्याआधी आकाश भरून येतं, हवा दमट होते आणि बास हावऱ्यासारखे खातात. त्या दिवशी गळकरी ऑफिसात असतो. लोट निघून गेला की शनिवार उजाडतो. निरभ्र निळं आकाश, लख्ख ऊन, सहलीला याहून चांगली हवा नाही आणि मासेमारीला याहून वाईट नाही. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक उतरते. बुडालेल्या झाडाच्या बुंध्याला चिकटून तो गुमान बसतो. कुणाच्या मागे धावायची त्याची तयारी नसते. लहानसं काही अगदी तोंडासमोरून सावकाश गेलं तर विचार करतो. हे सगळं गळकऱ्याला मुखोद्गत आहे. आमिष लहान करा, लाइन बारीक करा, हात संथ ठेवा, या तीन सूत्रांवर तो तासभर बोलू शकतो आणि बोलतोही.

अशाच एका शनिवारी त्याने मला लेक फोर्कला नेलं. डॅलसहून पूर्वेला दीडेक तासावरचं हे तळं मोठ्या बाससाठी देशभर प्रसिद्ध आहे. धरणाच्या पाण्यात जागोजाग मेलेली झाडं उभी आहेत. सुरुवात त्याने शास्त्राला धरून केली. नेड रिग काढलं. कॅन्ससच्या नेड केहडी यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे आमिष म्हणजे मशरूमच्या आकाराच्या शिशाच्या डोक्याला लावलेला पावणेतीन इंचांचा प्लास्टिकचा तुकडा. दिसायला अगदीच दरिद्री. तळाशी सोडायचा आणि बहुतेक वेळ तसाच राहू द्यायचा.

चार मिनिटं झाली. “इथे नाहीयेत,” तो म्हणाला.

मग खुळखुळ वाजणारा क्रँकबेट निघाला, कारण आता माशाला चिडवायला हवं होतं. भूक नसली तरी राग असतो, असं त्याचं म्हणणं. राग आला नाही. मग पंचवीस डॉलरचा जपानी जर्कबेट. याला दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. थंड पाण्यात दहा-पंधरा सेकंद सहज थांबावं. तो मोठ्याने मोजायला लागला, पण सहाच्या पुढचा आकडा मी ऐकला नाही. बोटीत बारा रॉड होते आणि प्रत्येकाला वेगळं आमिष बांधून तयार होतं. गाठ सोडण्या-बांधण्यात वेळ जाऊ नये म्हणून. वाचलेल्या वेळाचं काय करायचं, तर आमिष बदलायचं.

समोर पडदा होता. पूर्वी मासा आपल्याला नाकारतो ते आपल्याला दिसत नसे. 2018 मध्ये गार्मिनचा लाइव्हस्कोप हा पाण्याखालचं दाखवणारा सोनार आला आणि नकाराचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. पडद्यावर एक ठिपका आमिषाजवळ येतो, थबकतो आणि शांतपणे माघारी वळतो. “बघितलं? वास घेऊन गेला!” गळकरी ओरडला. गांडुळाला वास लावायची बाटलीही मग निघाली. लसणाचा वास.

नऊच्या सुमारास मला भूक लागली. मी पिशवीतून केळ्याचे वेफर्स काढले आणि गळकऱ्याचा चेहरा पांढरा पडला. बोटीवर केळं आणणं अशुभ, असं अमेरिकन मच्छीमार मानतात. ज्याच्या जिल्ह्याने देशाला केळी खायला घातली, तो माणूस माझ्या हातातल्या पुडीकडे नाग बघावा तसा बघत होता.

“हे केळं नाही, वेफर्स आहेत,” मी म्हणालो.

त्याने गंभीरपणे विचार केला. वेफर्स कच्च्या केळ्याचे होतात. संकेत बहुधा पिकलेल्या केळ्याचा असावा. तळल्यावर दोष उरतो का? शेवटी शंकेला जागा नको म्हणून त्याने बोट वळवली, आम्ही धक्क्यावर गेलो आणि वेफर्स गाडीत ठेवून आलो. परतल्यावरही काही लागेना, तेव्हा त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि मला साबण दिला.

हाच माणूस आई स्वयंपाकघरात कालनिर्णय लावते म्हणून तिची चेष्टा करतो. त्याच्या फोनमध्ये मात्र मासे कधी खातील ते चंद्रावरून सांगणारा सोल्युनार तक्ता असतो. जॉन ऑल्डन नाइट यांनी 1926 मध्ये हा सिद्धांत मांडला. चंद्र डोक्यावर किंवा बरोबर पायाखाली असताना ‘मेजर’ काळ, उगवता-मावळताना ‘मायनर’. गळकरी घराबाहेर पडायची वेळ त्यावर ठरवतो. आईने एकदा सहज विचारलं, “आणि अमावास्येला?” “अमावास्या बेस्ट!” तो म्हणाला. त्यांच्या घराण्यात अमावास्येला शुभ म्हणणारा हा पहिलाच.

आमच्यापासून हाकेच्या अंतरावर एका जुन्या ॲल्युमिनियमच्या बोटीत एक सत्तरीचे आजोबा बसले होते. रॉड दोन, आणि त्यातला एक आडवा ठेवलेला. त्यांच्याकडे होतं सेन्को, गॅरी यामामोटो यांचं मीठ भरलेलं जाडसर गांडूळ. बॉलपेनाच्या आकारावरून ते घडवलं अशी कथा सांगतात. मधोमध गळ अडकवला की दोन्ही टोकं थरथरवत ते आपलं आपण बुडतं. माणसाने करण्यासारखं त्यात काही नाही. आजोबांनी ते झाडाच्या बुंध्याशी टाकलं, लाइन ढिली सोडली आणि नुसते बसले. मग एक मासा. थोड्या वेळाने आणखी एक.

गळकऱ्याला राहवेना. “कुठला रंग?” त्याने ओरडून विचारलं.

“दुकानात होता तो,” आजोबा म्हणाले.

मासे रुसलेले असताना हुकमी आमिष कोणतं, याचं उत्तर त्या बोटीत होतं. ते गांडुळात नव्हतं. आजोबांच्या बोटांना त्या गांडुळाचं लाइनवरचं वजन इतकं सवयीचं झालं होतं की ते दगडाला घासलं, फांदीवर अडलं की माशाने अलगद उचललं, हे त्यांना न बघता कळत होतं. आमच्या गळकऱ्याच्या एकाही आमिषाची त्याच्या बोटांशी अशी ओळख झालेली नाही. चार मिनिटांत ओळख होत नाही. आणि हे त्याला ठाऊक नाही असंही नाही. पण आठवडाभर ऑफिसात प्रत्येक घोटाळ्याचं मूळ कारण शोधून अहवाल देणारा माणूस तो. मासा लागला नाही, हे त्याला चालतं. का लागला नाही कुणास ठाऊक, हे चालत नाही. गप्प बसलं की कारण मिळत नाही. आमिष बदललं की निदान आधीचं चुकीचं होतं एवढं तरी सिद्ध होतं. त्या दिवशी सकाळभरात त्याने बारा गोष्टी सिद्ध केल्या.

साडेअकराला त्याने वैतागून पुन्हा नेड रिग टाकलं, रॉड बोटीच्या कडेला टेकवला आणि तो वाकून तेराव्या आमिषासाठी डबे उपसू लागला. लसणाची बाटली सांडली, एक जिग त्याच्या बाहीत अडकला, तो सोडवण्यात पाच-सात मिनिटं गेली. नेड रिग तेवढा वेळ तळाशी बिनबोभाट पडून होतं. मी रॉडचं टोक खाली वाकलेलं पाहिलं आणि ओरडलो.

चार पौंडांचा बास होता. त्याने फोटो काढला, वजन केलं, मासा पाण्यात धरून हळूच सोडून दिला. मग बराच वेळ विचार करून निष्कर्ष सांगितला: “ग्रीन पंपकिनच. मी म्हणत होतो ना?”

रविवारी तो ग्रेपव्हाइनच्या बास प्रो शॉप्समध्ये गेला आणि त्या रंगाची, त्या मापाची दुकानात होती तेवढी पाकिटं घेऊन आला. पुढच्या शनिवारी एकही मासा लागला नाही. दोष पाकिटांच्या नव्या लॉटवर गेला.

विक्रमांचा विषय त्याच्यापुढे काढू नये. बासचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी नावाच्या जॉर्जियातल्या गरीब शेतकरी तरुणाचा, 1932 सालचा: 22 पौंड 4 औंस. त्याच्याकडे आणि त्याच्या मित्राकडे मिळून आमिष एकच होतं असं सांगतात, आणि तो मासा घरच्यांनी खाऊन टाकला. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, ती जिवंत मासा आमिषाला लावून. गळकरी हे दोन्ही कसेबसे पचवतो. त्याला लागतो तो टेक्सासचा विक्रम. 18.18 पौंडांचा तो बास बॅरी सेंट क्लेअर यांनी जानेवारी 1992 मध्ये याच लेक फोर्कमध्ये पकडला. गळाला साधा जिवंत बारका मासा होता, आणि मुळात ते बाससाठी गेलेच नव्हते. क्रॅपी नावाचे छोटे मासे धरत बसले होते.

या घटनेचंही मूळ कारण आता गळकऱ्याने शोधून काढलं आहे. हल्ली तो बासला जात नाही. क्रॅपीला जातो. निदान धक्क्यावर उभं राहून तसं मोठ्याने सांगतो, पाण्यात ऐकू जाईल इतपत. क्रॅपीसाठी आमिषं वेगळी लागतात, त्यामुळे गॅरेजात डब्यांची नवी रांग लागली आहे, आणि आता बोटीच्या शेजारी उभं राहायलाही जागा नाही.