बायोसवैद्य

सहकारी गृहनिर्माण संस्थेत अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार हे तीन पदाधिकारी रीतसर निवडणुकीने येतात. परंतु चौथा एक अधिकारी असा असतो, की ज्याच्या नेमणुकीचा ठराव कोणत्याही इतिवृत्तात आढळत नाही, ज्याला वेतन नाही, मुदत नाही आणि ज्याच्या निर्णयावर अपीलही नाही. रात्री साडेदहाच्या सुमारास एखाद्या बिऱ्हाडातला लॅपटॉप फर्मवेअर अपडेट होता होता काळ्याठिक्कर पडद्यानिशी निश्चेष्ट पडला, की ज्यांच्या दारावरची घंटा वाजते, ते हे बायोसवैद्य. पेशाने ते निवृत्त बँक अधिकारी असोत वा भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, त्यांचा अंमल सर्व मजल्यांवर सारखाच चालतो.

आल्याबरोबर ते यंत्राला स्पर्श करीत नाहीत. आधी जबान्या. "चार्जर लावला होता का?" "हो, म्हणजे... मागाहून लावला." "बटण कोणी दाबलं?" "कोणी नाही हो काका, आपोआपच झालं." त्यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत, ज्याला घरातल्या कोणी काही केले होते असा लॅपटॉप अद्याप त्यांच्यापुढे दाखल झालेला नाही.

पंचनामा आटोपला, की "वहिनी, चहा टाका" असा हुकूम सुटतो, आणि माझ्या मते त्यांची खरी विद्या या हुकमातच आहे. कारण मदरबोर्डावरच्या फ्लॅश चिपमध्ये नवे फर्मवेअर उतरल्यानंतर कित्येक यंत्रे दोनतीनदा आपली आपण बंद होऊन पुन्हा सुरू होतात, स्मृतीची नव्याने जुळवाजुळव करीत काही मिनिटे पडदा काळाच ठेवतात, आणि नेमक्या त्याच मिनिटांत घाबरलेला गृहस्थ बटण दाबून धरून, जे मेलेले नव्हते त्याला मारतो. तेवढा वेळ मंडळींचे हात कपबशीत गुंतवून ठेवणे, हाच इलाज. चहा संपेतो यंत्र स्वतःच जागे होते आणि यश वैद्यांच्या खाती जमा होते.

मधल्या अवकाशात इतिहासकथन. १९७५ च्या सुमारास गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम प्रणालीत बायोस हे नाव कसे रूढ केले, २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच विषाणूने कित्येक संगणकांचे बायोसच कसे पुसून टाकले, हे सारे ते रोग्याच्या उशाशी बसून सांगतात. घरातला एखादा भाचा लिनक्सची प्रौढी मिरवू लागलाच, तर डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० काही लॅपटॉपांच्या बायोसला बाधक ठरल्यामुळे उतरवून घेण्यासाठी ठेवणे कसे तहकूब करावे लागले, हा दाखला त्याच्यापुढे तत्काळ ठेवला जातो.

परंतु खरा प्रसंग यापुढेच असतो. यंत्र सुरू होते, सर्वांचा जीव भांड्यात पडतो, आणि पडद्यावर बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागितली जाते. फर्मवेअर बदलले, म्हणून पहाऱ्यावरच्या टीपीएम चिपेला ओळख पटेनाशी झाली, एवढेच ते. पण आपल्या घराला असे कुलूप होते, हीच वार्ता कुटुंबाला नवी असते. मग न्यू जर्सीत भर दुपारी कचेरीत बसलेल्या चिरंजीवांना फोन लागतो, ते आपल्या खात्यात शिरून सहा-सहा अंकांचे आठ गट वाचून दाखवतात, आजोबा ते मोठ्याने पुन्हा उच्चारतात, आणि पाचव्या गटापाशी हमखास दुमत होते.

वैद्यांचा एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. "चालतंय ना? मग अपडेट करूच नका," हे त्यांचे ठाम मत, आणि जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या सुरक्षा-त्रुटीवरचा उतारा घेतलेले संगणक आपोआप पुन्हा सुरू होऊ लागल्याने खुद्द इंटेलनेच तो तूर्त देऊ नका असे कळवले होते, हा त्यांचा हुकमी पुरावा. तो खरा आहे, मत चुकीचे आहे. फर्मवेअरमधली सुरक्षेची भगदाडे अपडेटवाचून बुजत नाहीत, आणि न झालेल्या चोरीची फिर्याद कोणत्याच चौकीत नोंदली जात नसल्यामुळे, वैद्यांच्या हिशेबात हा लाभ कधी धरलाच जात नाही.

तेव्हा ज्यांच्या इमारतीत असे गृहस्थ राहतात, त्यांनी त्यांना अपडेटनंतर नव्हे, आधी बोलवावे. चार्जर जोडावा, बिटलॉकर तेवढ्यापुरते स्थगित करावे, आणि ते ४८ अंक कागदावर उतरवून तो कागद लॅपटॉपची पिशवी सोडून अन्यत्र कोठेही ठेवावा.